ओल्या कचऱ्याच्या गाडीतून आलेली निविदा

जबाब

नाव व पत्ता: वर नोंदवून घेतल्याप्रमाणे. ओळख: वहिनी. कामगार, गिऱ्हाईक, उधारीवाले सगळे याच नावाने हाक मारतात. वय: पन्नाशीला दोन कमी. धंदा: कचरा उचलणे. आधी ‘गृहिणी’ असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.

मी आज रोजी पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, विचारल्यावरून, कुणाचा धाक किंवा आमिष नसताना सांगते ते असे की,

मी वरील पत्त्यावर पती व सासूबाई यांच्यासह राहण्यास आहे. आम्हा नवराबायकोच्या नावावर दोन गाड्या असून त्यांवर अकरा माणसे कामाला आहेत. काही हॉटेले, दोन शाळा आणि नगरपालिकेची मुख्य इमारत इथला कचरा आम्ही रोज उचलतो.

संपूर्ण शहराच्या कचऱ्याचा ठेका मात्र गेली कित्येक वर्षे एकाच माणसाकडे आहे. त्याला सगळे शेठ म्हणतात, म्हणून मीही इथे शेठच म्हणते. त्याच्या ठेक्याची मुदत कधीच संपली आहे. नवीन निविदा निघते, तिच्यावर कुणीतरी कोर्टात जाते, कोर्ट ती रद्द करून फेरनिविदा काढायला सांगते, आणि तोपर्यंत शहरात कचरा साचू नये म्हणून जुन्याच ठेकेदाराला मुदतवाढ मिळते. असे दोनदा झाले. मागच्या खेपेस शेठची एकट्याचीच निविदा आली म्हणून कोर्टाने ती रद्द केली. भांडण लांबले की कुणाचे फावते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. आज तिसरी खेप होती. सीलबंद पाकीट दुपारी तीनच्या आत नगरपालिकेतल्या पेटीत पडायला हवे होते. आमचे पडले नसते तर पुन्हा शेठ एकटाच, आणि पुन्हा मुदतवाढ.

सकाळी हे कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढीला गेले. हे म्हणजे माझे पती. चार माणसांत जायचे तर तोंड नीट असावे, असे त्यांचे म्हणणे. निविदा टाकायला तेच जाणार होते. पाकीट मात्र माझ्या कपाटात होते, कारण ह्यांना स्वतःच्या कपाळावर चढवलेला चष्मा सापडत नाही.

थोड्या वेळाने सलूनवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, “वहिनी, दादांना चौघेजण गाडीत घालून घेऊन गेले. एकच गाल झाला होता हो.” मागच्याच वर्षी ह्यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले आहे.

लगेच ह्यांच्या फोनवरून दुसरा फोन आला. बोलणारा शेठचा माणूस होता. तो घरातसुद्धा काळा चष्मा काढत नाही म्हणून त्याला गॉगल म्हणतात. त्याचा आवाज मी चांगला ओळखते. तो म्हणाला, “वहिनी, काळजी करायची नाही. दादा आज आमचे पाहुणे. साडेतीनला दारात आणून सोडतो. तुम्ही फक्त घराबाहेर पडू नका, ऊन फार आहे.” मग ह्यांना फोन दिला. हे म्हणाले, “मी मजेत आहे. तू घरीच थांब, जरा विश्रांती घे.” लग्न झाल्यापासून ह्यांनी मला विश्रांती घे असे एकदाही म्हटलेले नाही. त्यावरून आजूबाजूला माणसे उभी आहेत हे मी समजले.

मी गॉगलला सांगितले की ह्यांची जेवणानंतरची गोळी घरी राहिली आहे. त्याने गोळीचे नाव दोनदा म्हणून घेतले. ती त्याने दुकानातून आणून ह्यांना वेळेवर दिली, असे नंतर कळले. खरे ते खरे, म्हणून सांगते.

त्यानंतर मी याच ठाण्यात फोन केला. फोन उचलणाऱ्यांनी सांगितले की माणूस सकाळी गेला असेल तर दुपारी येईल, एवढ्यात हरवला म्हणता येत नाही, आणि ते पाहुणे म्हणतायत तर पाहुणेच असतील. एवढा मजकूर गाळावा असे लिहून घेणाऱ्या साहेबांचे म्हणणे पडले. गाळू नये असे माझे म्हणणे आहे.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तो ठेका घाल चुलीत. माझा मुलगा आण आधी.” मी म्हटले, “आई, पाकीट माझ्या हातात आहे तोवरच ते ह्यांना धरून ठेवणार. ते पेटीत पडलं की ह्यांना जेवू घालून त्यांचा काय फायदा?” सासूबाई म्हणाल्या, “मग बसलीस काय? ऊठ की!”

माझा हिशोब चुकला असता तर काय झाले असते, असे मला आता इथे विचारण्यात आले. त्याचा विचार मी तेव्हा केला नाही. केला असता तर पाय उचलला नसता.

आमचे ड्रायव्हरकाका सकाळची फेरी करून आले होते. त्यांनी सांगितले की नगरपालिकेच्या पुढच्या फाटकावर शेठची माणसे उभी आहेत. कुणाच्या हातात पाकीट दिसले की खांद्यावर हात टाकून चहाला नेतात, आणि तो माणूस परत येत नाही. मागच्या फाटकावरही दोघे आहेत. मागचे फाटक कचऱ्याच्या गाडीचे. तिथल्या कॅंटीनचा ओला कचरा आम्ही रोज दुपारी उचलतो. मी काकांना म्हटले, “आज माझी पाळी.” काका म्हणाले, “मग पुढे बसा, वहिनी.” मी म्हटले, “पुढे बसले तर तोंड दिसेल. मागे पिंपात कोण डोकावतंय?”

मी पाकीट दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी बांधले, वरून कामाचा ॲप्रन, टोपी, हातमोजे घातले आणि मागे पिंपांमध्ये उभी राहिले. मासळीच्या हॉटेलचे पिंप वाटेत रिकामे करायचे नाही आणि त्याचे झाकण लावायचे नाही, असे काकांना बजावले. पिंप आदल्या दिवशीपासून उन्हात होते. काकांनी एवढेच विचारले, “वहिनी, तुम्हाला सोसेल ना?” मी म्हटले, “मला रोजचंच आहे. बघू त्यांना सोसतंय का.”

मागच्या फाटकाशी दोघांपैकी एकाने हात आडवा करून गाडी थांबवली आणि मागच्या बाजूला यायला निघाला. माझी पाचावर धारण बसली. तो चार पावले आला असेल, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक त्याच्याकडे गेली. त्याने तोंड फिरवले, नाक दाबले आणि जोडीदाराला ओरडला, “सोड रे, सोड लवकर, ओकारी येईल!” फाटक त्यांनीच धावत जाऊन उघडले. कचऱ्यावर शेठचे बंगले उभे राहिले, आणि पदरी माणसे पाळली ती असली नाजूक! हे वाक्य जबाबात बसत नाही असे साहेब म्हणाले. बसवावे.

मी जिन्याने वर गेले. पेटीशेजारी लेखनिक बसले होते. ते म्हणाले, “अहो बाई, कचरा खालच्या मजल्यावर.” मी म्हटले, “कचरा नाही साहेब, निविदा.” आणि पाठ फिरवून पाकीट काढले. लाखेचे सील शाबूत होते. लेखनिकांनी दोन बोटांनी पाकीट धरून तपासले, वेळ टाकून पोच दिली, आणि मी ते माझ्या हाताने पेटीत सोडले. तीन वाजायला अजून अवकाश होता. खिडकीजवळच्या खुर्चीत शेठ स्वतः फोनवर बोलत बसला होता. मला पाहून त्याने पाय आवरून घेतले, मला केर काढायला जागा हवी असे त्याला वाटले असावे.

मी टोपी काढली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटले, “शेठ, पाकीट पडलं. आता माझा माणूस इथे फाटकावर आणून सोडा.” त्याने लेखनिकांकडे पाहिले. लेखनिक म्हणाले, “पोच दिली आहे.” तेव्हा शेठने चालू फोन तोडून दुसरा लावला आणि दोनच शब्द उच्चारले, “सोडा त्याला.” हे दोन शब्द लेखनिक आणि हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकले आहेत. पाहुणा होता तर सोडायचे कशाला, हे शेठला विचारावे.

शेठने माझ्याविरुद्ध दिलेला अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. त्यात मी वेष बदलून, मनाई असलेल्या फाटकातून शिरले, दुर्गंधी पसरवून लेखनिकांवर दबाव आणला, म्हणून माझी निविदा बाद करावी व माझ्यावर गुन्हा नोंदवावा, असे म्हटले आहे. चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच. वेष बदलला हे धादांत खोटे आहे. तो माझा रोजचा वेष आहे. लग्नाकार्याला जाते तेव्हा मी वेष बदलते. फाटकाबद्दल म्हणाल तर ते आमच्याच गाडीसाठी ठेवलेले आहे, आणि कुठल्या दाराने यावे हे निविदेच्या अटींत कुठेही नाही. दुर्गंधी होती हे मला मान्य आहे. कॅंटीनचा कचरा मी जाताना नेहमीप्रमाणे उचलून नेला, कारण ते काम आमचे आहे.

मी खाली उतरले आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पाणी प्यायला बाटली उघडली, पण निम्मे पाणी अंगावर सांडले. मग शेठच्या माणसांची पांढरी गाडी आली, दार उघडले आणि हे उतरले. एक गाल गुळगुळीत आणि एका गालावर दाढीचे खुंट. मी म्हटले, “काय हो हे ध्यान!” आणि मला हसू आले, आणि हसता हसता रडू आले. दोन्ही लिहावे. भर रस्त्यात ह्यांनी मला जवळ घेतले, अंगाला मासळीचा वास येत असताना. लोक बघत होते. बघू देत.

ह्यांची हकीकत त्यांच्या जबाबात येईलच. मला त्यांनी एवढे सांगितले की एका बंद हॉटेलच्या खोलीत बसवले होते, मारहाण केली नाही, जेवण दिले, पत्ते खेळले. गॉगलने दोनदा विचारले, “वहिनी घरीच बसतील ना?” हे म्हणाले, “बसेल की, तब्येतीने नाजूक आहे ती.” आणि मनातल्या मनात म्हणाले, बाई आता कुठवर पोचली असेल. खोलीत फोन वाजला आणि गॉगलचे तोंड उतरले, तेव्हा पेटीत पाकीट पडल्याचे ह्यांना न सांगता कळले. माझा जीव तर ह्यांना गाडीतून उतरताना पाहून भांड्यात पडला.

पाकिटे उद्या सर्वांसमक्ष फुटणार आहेत. ठेका मिळेल, न मिळेल. दर कमी असलेल्याला मिळावा, मग तो शेठ का असेना. आम्ही हरलो तर शाळा-हॉटेले आहेतच.

माणूस सुखरूप परत आला, गोळीसुद्धा मिळाली, तेव्हा पळवून नेल्याची तक्रार मागे घेऊन आपसांत मिटवता का, असे मला विचारण्यात आले. नाही. परत आला म्हणजे नेलाच नव्हता असे होत नाही. चार तास मी कसे काढले ते माझे मला माहीत. सासूबाईंनी सकाळपासून तोंडात पाणी घेतले नव्हते, सुटल्यावर ह्यांचा आवाज फोनवर ऐकला तेव्हा घेतले. गॉगल, त्याच्यासोबतचे तिघे आणि ज्याच्या दोन शब्दांनी ह्यांची सुटका झाली तो शेठ, यांच्याविरुद्ध माझी कायदेशीर तक्रार आहे.

याउपर मला सांगायचे नाही. जबाब मला वाचून दाखवण्यात आला. ह्यांना शेजारच्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर डोके टेकून गाढ झोप लागली असल्याने, माझ्या विनंतीवरून तो हळू आवाजात वाचला गेला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. खांदा न हलवता सही केली असल्याने ती थोडी वाकडी आली आहे, ती माझीच आहे.