भात्याचे चार नट

...आणि वर लोक मलाच विचारतात हो, "रघुवीर, तुझा प्रबंध कंपनांवरच होता ना रे?" होता! एकशे बारा पानं होता! धातूच्या सांध्यांतली कंपनं, विषय माझा, आकृत्या माझ्या, पण म्हणून... नाही, थांबा, क्रमानं सांगतो. क्रमाशिवाय मला सांगताच येत नाही, हा दोष आहे, मान्य. पण साऱ्या प्रकरणाचं मर्म एका वाक्यात आहे: नट आवळणं वेगळं आणि तो आवळलेला राहणं वेगळं!

तर गिरगावचे मनमोहनराव. सॉलिसिटर. त्यांची ती युद्धापूर्वीची लाल, दोन आसनी, शर्यतीची गाडी, आणि तिच्या इंजिनाला बसवलेला सुपरचार्जर. सुपरचार्जर म्हणजे, ढोबळमानानं... मला ढोबळ बोलणं आवडत नाही, पण ढोबळमानानं, इंजिनात हवा कोंबणारा भाता. चार बोल्टांवर बसवलेला, चार नट. आणि दरवर्षी दसऱ्याला मनमोहनराव सोनं वाटायला दादरला निघायचे आणि दरवर्षी परळच्या आसपास एक नट, ठण्ण! गाडी बंद. मनमोहनराव ट्रामनं घरी.

आता तुम्ही म्हणाल, यात तुझा काय संबंध? संबंध उर्मिलेचा. मनमोहनरावांची कन्या. मी दादरचा, माटुंग्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, ती तिथंच वनस्पतिशास्त्राला, आणि आमचं... म्हणजे निश्चित असं काही नव्हतं, पण ती मला पानांची नावं सांगायची आणि मी ती लिहून घ्यायचो. एवढ्यावरून तुम्ही काय तो निष्कर्ष काढा. मनमोहनरावांनी काढला. चष्म्यावरून बघून म्हणाले, "हे पहा, कंपनांतले पंडित ना तुम्ही? यंदा गाडी दादरला पोचवा. उतरेन तो थेट तुमच्या दारात. वडिलांच्या हातावर सोनं ठेवीन आणि उर्मिलेचा विषय काढीन. पण पोचवा!"

पोचवा! मी वहीच केली. गाडी लालबागला दत्तारामच्या गॅरेजात नेली. दत्ताराम मालवणकडचा, समितीचा कार्यकर्ता, भिंतीवर सभांची पत्रकं. भात्याकडे बघून म्हणाला, "मास्तरानू, संयुक्त महाराष्ट्र होतलो, मुंबय आपली ऱ्हवतली, पण ह्यो भातो इंजिनावर काय ऱ्हवाचो नाय!" मी म्हटलं, राहील. कारण शोधू. इंजिन तापलं की बोल्ट वाढतो, निवलं की आखडतो, खालचं पॅकिंग दबतं, मग नट सैल, मग हादरे, मग ठण्ण. उपाय? नवे बोल्ट, नवं पॅकिंग, आणि कानवाले वायसर, म्हणजे नट आवळल्यावर वायसरचा कान त्याच्या अंगावर दुमडायचा, की तो फिरणारच नाही. पण... हा 'पण' ऐका! कान दुमडण्यापूर्वी इंजिन एकदा पुरतं तापवायचं, निववायचं, आणि पॅकिंग बसल्यावर नट पुन्हा आवळायचे. ते न करता कान दुमडणं म्हणजे सैल नटाला सैल राहण्याची हमी देणं! नट आवळणं वेगळं आणि तो आवळलेला राहणं वेगळं!

वहीत लिहिलं: अष्टमी, जोडणी. नवमी सकाळी तापवणं, दुपारी आवळणं. दशमीला प्रयाण. निर्दोष आराखडा! नवमीला सकाळी गाडी शीवपर्यंत पळवून आणली, निववली, आणि गॅरेजात शिरलो तर... पाटावर सगळे पाने ओळीनं मांडलेले! रॉकेलनं धुतलेले, हळदकुंकू लावलेले, वर झेंडू. खंडेनवमी! मी, एम.एस्सी., वहीत तिथ्या लिहिणारा मी, खंडेनवमी विसरलो!

"दत्ताराम, फक्त अर्ध्या इंचाचा एक पाना..."

"आज हत्यार उचलूचा नाय! उद्या दुपारी उत्तरपूजा झाली काय तुमचोच!"

साऱ्या लालबाग-परळात फिरलो. सायकलवाला, लोहार, गिरणीचं वर्कशॉप... एक पाना मोकळा नाही! घरी धावलो, पक्कड तरी मिळेल. आई म्हणाली, "हात लावू नकोस, पूजेला ठेवलीय. तुझा प्रबंधपण ठेवलाय बघ." एकशे बारा पानांवर झेंडूचं फूल!

गाडी तशीच, नट न आवळता, गिरगावला नेली. दसऱ्याला सकाळी मनमोहनराव हातमोजे घालून गाडीत, शेजारी मी, मांडीवर आपट्याची पानं. काळबादेवी गेली, भायखळा गेला, लालबाग गेलं, परळ आलं... भोईवाड्याच्या कोपऱ्यावर ठण्ण! झेंडूच्या ढिगात नट. मनमोहनराव एवढंच म्हणाले, "पंडित..."

"आत्ता आणतो पाना!" म्हणून मी धावलो. इथंच चुकलो. उत्तरपूजा व्हायला बारा वाजले, आरती झाली, प्रसाद झाला, पाना घेऊन परत आलो. चारही नट आवळले, इंजिन चालू करून पुरतं तापवलं, निवल्यावर पुन्हा आवळले, एकेक कान दुमडला. असं काम मी आयुष्यात केलं नाही! आणि वर पाहतो तर समोरच्या जिन्यावरून मनमोहनराव उतरताहेत, हातात पेढा. "अहो, मुहूर्त टळत होता, सोनं हातात, समोर अप्पांचं घर, जुने स्नेही. त्यांचा गुरुदत्त डॉक्टर झालाय म्हणे. बोलता बोलता ठरलंच! तोंड गोड करा, पंडित."

केलं. काय करणार?

मार्गशीर्षात लग्न. लग्न लागून दुपारी त्याच लाल गाडीतून दोघं परळला निघाली, आणि मी लालबागच्या नाक्यावर उभा. का? तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू... ठण्ण ऐकायला. तेवढ्यात समोरून समितीचा मोर्चा. गाडी थांबली, नेमकी माझ्यासमोर, इंजिन चालू. उभ्या गाडीत हादरे सर्वांत वाईट, प्रबंधात आहे, पान साठ! उर्मिलेनं माझ्याकडे पाहिलं, मग हारातल्या एका पानाकडे. मी बॉनेटकडे पाहत होतो. दहा मिनिटं घोषणा, दहा मिनिटं हादरे... काही नाही! गाडी गेली.

नट आवळणं वेगळं आणि तो आवळलेला राहणं वेगळं. राहिले हो, चारही राहिले! दोन वर्षं झाली, अजून आहेत. परवा गुरुदत्त भेटला, पाठीवर थाप मारून म्हणतो कसा, "मास्तर, तुम्ही जोडलेलं काही सुटत नाही बुवा!"