वैद्यीणबाईचं गुपित

(मिल्टन कीन्स, मे १९९१. शनिवारची दुपार. किचनच्या टेबलावर एक निळी वही आणि मूठभर चित्रविचित्र आकाराचे फासे.)

आई : खोटं नको. अक्षर तुझंच आहे ना?

मीनल : आई, हे माझा प्रायव्हेट वही आहे!

आई : माझी वही. विष कुठे मिळतं, सरदाराच्या भावाला कोण मारणार, कोण कोणाला फसवतंय... ही प्रायव्हेट वही? आणि एवढ्याशा विषानं उंदीरसुद्धा मरायचा नाही. डॉक्टर आहे मी.

मीनल : हो? मग किती लागतं?

आई : विषय बदलू नकोस. महिन्यावर ए-लेव्हल्सची परीक्षा आलीय आणि तू दर शनिवारी अभ्यासाच्या नावाखाली फिओनाकडे पाच-पाच तास. हे फासे कशाला? जुगार खेळता?

मीनल : जुगार नाही गं. गेम आहे, बोलायचा. फिओना, गॅरेथ आणि नंदा एकेक माणूस होतात. चोर, सैनिक, असं. बाकी सगळं गाव मी. राजा मी, भिकारी मी, वारा-पाऊस पण मी. मी गेम मास्टर आहे. फासे फक्त नशिबासाठी.

आई : गॅरेथ. म्हणजे हा त्यातला प्रकार आहे तर. काय होतो तो?

मीनल : सत्तर वर्षांची म्हातारी.

आई : गॅरेथ?

मीनल : चांगली करतो. तिचे गुडघे दुखतात ना, सारखा धरून बसतो.

आई : मला हसवू नकोस, मी रागावलेय. जिंकतं कोण?

मीनल : कोणीच नाही. मी सांगते समोर काय दिसतंय. मग विचारते, तुम्ही काय करता? ते सांगतात, मग पुढे काय होतं ते मी सांगते. एवढंच.

आई : एवढ्यासाठी वहीभर कारस्थानं लागतात?

मीनल : लागतात. गावातल्या प्रत्येक माणसाचं एक सीक्रेट लिहून ठेवायचं. कुणी नीट विचारलं तरच बाहेर काढायचं. नाही विचारलं तर तसंच राहतं.

आई : अस्सं. मग हे पान बघ. तुझ्या इंग्रजीतलं मी मराठीत वाचते. 'वैद्यीणबाई. वय पंचेचाळीस. तिची बॅग भरलेली आहे. मुलीची परीक्षा संपली की ती गाव सोडणार. घरात कुणाला माहीत नाही.' हे कुठून आलं?

मीनल : डोक्यातून.

आई : माझ्याकडे बघून सांग.

मीनल : डोक्यातूनच, आई. प्रॉमिस.

आई : साफ खोटं! तू माझं कपाट उघडलंस. कोटांच्या मागची बॅग काढलीस, तिकीट पाहिलंस, आणि वर त्या पोरांना सांगत सुटलीस—

मीनल : कुठलं तिकीट?

आई : चहा टाकते मी.

मीनल : आई. कुठलं तिकीट?

आई : भांडी राहिलीत अजून. सरक जरा.

मीनल : मी कपाट नाही उघडलं. मी फक्त बघत होते. दरवेळी तांदळाची मोठी गोणी आणतेस, या वेळी छोटी पिशवी आणलीस. बाबांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवलंस. बाबांना! हॉल रंगवायचा म्हणाले तर म्हणालीस, कशाला, राहू दे. मला डाउट आला. विचारायची भीती वाटली, म्हणून लिहिलं.

आई : तेवीस जून.

मीनल : कुठे?

आई : नाशिक. रेखामावशीच्या नर्सिंग होमला सर्जन हवाय.

मीनल : परत कधी?

आई : सहा महिने, असं तिला सांगितलंय.

मीनल : तिला. आणि खरं?

आई : खरं मलाच माहीत नाही. सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या ऑपरेशनला जखम उघडी ठेवणारा हुक धरून उभी आहे, मीनल. काल शिकून आलेली पोरं कापतात आणि मी धरते. दर वर्षी म्हणतात, नेक्स्ट इयर, डॉक्टर. माझे हात विसरतील गं सगळं. तुम्हाला टाकून नाही जात मी. पण इथे राहिले तर माझ्यात काही उरणार नाही.

मीनल : बाबांना माहीत आहे?

आई : त्यांना सांगितलं की ते शांतपणे म्हणतील, बघू. सोळा वर्षं बघूच चाललंय. मी पत्र लिहून ठेवलंय, विमानात बसले की मिळेल त्यांना.

मीनल : माझी वैद्यीण पण पत्र ठेवणार होती. मी खोडलं ते. बघ, खाली आहे.

आई : का खोडलंस?

मीनल : ती इतकी भित्री नाही, असं वाटलं मला.

आई : ...त्या तिघांनी विचारलं तिला कधी? बॅगेबद्दल?

मीनल : चार शनिवार झाले. येतात, औषध घेतात, जातात. तिला काही होत असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. आई, रडू नकोस ना.

आई : रडत नाहीये. गाडी वाजली का?

मीनल : बाबाच. रंग घेऊन आले असणार, सकाळपासून कार्डावर शेड बघत होते.

आई : वही उचल. फासे पण. पटकन.

मीनल : नाही. ऐक. बाहेर गाडीचं दार लागलं. किल्ली कुलपात फिरतेय. वही टेबलावर आहे, बॅग कपाटात आहे. तू काय करतेस?

आई : मीनल, हा खेळ नाहीये.

मीनल : माहीत आहे. तू काय करतेस?

आई : ...अहो, तो डबा तिथेच ठेवा. इकडे या, बसा जरा.