भागुजीनानाचं वाहून गेलेलं रान

मंडळी, सावरून बसा! एकच प्रश्न विचारतो — घरातली वस्तू गेली, तर चोर आधी कुठं शोधावा? शेजाऱ्याकडं? पाव्हण्याकडं? की आपणच दार सताड उघडं टाकलं होतं का, ते बघावं? लगेच मान डोलवू नका! आधी ऐका!

एक होते भागुजीनाना. रान उताराचं. नानांना गर्व कशाचा? तासाचा — नांगराच्या सरीचा! नांगर घालायचा तो वरून थेट खाली. तास असं सरळ, की गवंड्यानं लाजावं! खालच्या अंगाला रान कुणाचं? व्याह्याचं — म्हातारबांचं! त्यांचीच लेक हौसा नानांची सून.

एकदा देवळापुढं शेतीखात्याच्या ताई आल्या. दोन पराती तिरक्या मांडल्या. एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि वर गवत. दोन्हींवर झारीनं पाणी घातलं. पहिलीतून गढूळ लोंढा, दुसरीतून नितळ धार! सगळ्या गावानं पाहिलं. आणि नाना? नाना खांबाला टेकून घोरत होते! — हसू नका, तिसऱ्या ओळीत कोण पेंगतंय ते मला इथून दिसतंय!

हौसा घरी येऊन म्हणाली, "मामंजी, यंदा नांगर उताराला आडवा घालू. आडवे बांधही घालू."

"आडवा?" नाना कडाडले, "आडवं व्हायचं ते जेवल्यावर! नांगर सरळच चालणार!"

चालला! बाजरी पेरली. चौथ्या दिवशी पाऊस असा कोसळला, की समोरचा माणूस दिसेना. वर नानांच्या रानात एक मोड दिसेना. आणि आठवड्यानं बघतात तर काय — म्हातारबांच्या भुईमुगात बाजरी तरारलेली!

नाना धावले. "पाव्हणं, ही बाजरी माझी!"

"तुमचीच की!" म्हातारबा म्हणाले. "खालची माती बी तुमचीच. न्या उचलून! पाटी देऊ का?"

नाना आणखी भडकले. हौसा तिथंच बापाच्या मदतीला खुरपत होती. तिच्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आता कळलं! ही सासरची माती माहेरी धाडती!"

काय हो हे बोलणं! हौसाचे डोळे भरले. पण ती भांडली नाही. खुरपं ठेवलं, म्हणाली, "मामंजी, माझ्यासंगं वर चला."

वर नेलं. ते कौतुकाचं तास होतं ना? त्याची घळ झालेली! नाना आत उतरले — गुडघ्याएवढी खोल. तळाला नुसता मुरूम.

"पाण्याला ही वाट कुणी करून दिली, मामंजी?"

नानांच्या बापानं जन्मभर दगड वेचून केलेलं हे रान. मूठभर मुरूम हातात घेऊन ते मटकन खाली बसले. मग हळूच म्हणाले, "पोरी, तुला नको ते बोललो मी. काय करायचं, तू सांग."

हौसानं ताईंनी शिकवली तशी तीन काठ्यांची तिकाटी बांधली — दोन पाय, मधे आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला दगड लोंबता. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली, की तिकाटीचे दोन्ही पाय एका पातळीत! तशा खुणा करत तिनं रान आखलं. नानांनी कुदळ धरली. म्हातारबाही आले — "माती आली, ठीक! उद्या मुरूम आला तर?" बांध झाले, बांधांवर गवत लावलं, नांगर आडवा फिरला, पुन्हा पेरणी झाली.

पुढचा मोठा पाऊस आला. नाना घोंगडं पांघरून बांधावर. एका जागी बांध फुटला! दगड लांब, पाणी जोरात. नानांनी काय करावं? त्या भगदाडात स्वतःच फतकल मारली!

"सूनबाई, दगड आण! तोवर मी बसतो आडवा!"

पाणी अडलं, मुरलं. पेरणी उशिराची, बाजरी निम्मीच झाली — खोटं कशाला सांगू? पण माती जागची हलली नाही. आणि नाना ताईंच्या पुढच्या शिबिराला सगळ्यांत पुढं बसले. जागे!

आता तुमचं बोला! तुमच्यात वरून खाली नांगर घालणारे किती? हात वर करा! ... एकही नाही? वा! पुण्यवान गाव! मग येताना मी ओढा ओलांडला, तो चहासारखा लाल का होता हो? ती कुणाची माती चालली होती?

खाली बघू नका. उद्या सकाळी कुदळ घेऊन रानात या, मीही येतो. आणि आता देवाचं नाव घ्या — पण मोठ्यानं, पेंगणारे जागे झाले पाहिजेत!