लाभार्थी शून्य

हॅलो?… हो, मीच. जरा मोठ्याने बोल गं, इकडे शिवणयंत्रं चालू आहेत.

काय?… आपलं वस्तीतलं केंद्र बंद? कोण म्हणतं?… तुझ्याच टेबलावर आलीये फाइल? थांब, दार लोटते… हं, बोल आता.

"लाभार्थी शून्य"? शून्य कसे? आत्ता बाहेर एकवीस माणसं बसलीयेत, त्यातली चार भांडतायत.

…हो, रजिस्टर आम्हीच भरलं. दोन रकाने होते, लाभार्थी आणि स्वयंसेवक… हो, सगळ्यांनी स्वयंसेवकातच नाव घातलं. दोनशे चौदा… हसतेस काय?

अगं, ऐक ना. शिंपीणबाई म्हणतात, मी शिकवायला येते. नवऱ्याने टाकलं तेव्हा चार महिने तोंडातून शब्द फुटत नव्हता त्यांच्या, इथे कोपऱ्यात बसून काजं करायच्या. पण विचार त्यांना. शिकवायला येते. पोस्टमनकाका पंखे दुरुस्त करायला येतात. पंखे तीन आणि काका रोज हजर… हो, घरी एकटेच असतात. तेच तर सांगतेय.

नाही. नाही म्हणजे नाही, मी रजिस्टर बदलून देणार नाही… कळतं गं, माझी धाकटी बहीण म्हणून जीव तुटतोय तुझा. गुपचूप फाइलीत सरकवशील तू. पण कोणाच्या कपाळावर 'गरजू' म्हणून चिठ्ठी चिकटवू मी? उद्यापासून इथे पाऊल नाही ठेवणार ती माणसं.

कुठे?… त्या नव्या मोठ्या केंद्रात? दोन बस बदलून? … असेल लिफ्ट. काका एक दिवस आले नाहीत तर इथलं कोणीतरी अकराच्या आत त्यांचं दार ठोठावतं. तिथून कोण येणार ठोठावायला? तुमचे साहेब?

…साहेबांची सही किती वाजता?… चारला. मग आम्ही येतोय. सगळे… दोघांनाच आत सोडतात? बाकीचे जिन्यात बसतील. बसू दे की, साहेबांना खाली उतरायचं तर असेलच ना कधीतरी.

काय? हळू काय बोलतेस, ऐकू येत नाही… लाभार्थ्यानेच हरकत घेतली तर सुनावणी? स्वयंसेवकाची चालत नाही?… असला कसला नियम गं.

…थांब, दाराला कडी घालते.

बरं, लिही. माझं नाव लिही… लाभार्थ्याच्या रकान्यात, आणखी कुठे?… केंद्र चालवते म्हणून काय झालं? माझी पोर वारली तेव्हा या लोकांनी किल्ली माझ्या हातात दिली, रोज नऊला तूच उघडायचं म्हणून. बाहेर माणसं खोळंबतील म्हणून मी अंथरुणातून उठत होते. नाहीतर उठले नसते… तुला माहीत आहे गं. साहेबांना माहीत नाही, त्यांना कळू दे.

…डोळे पूस आधी, ऑफिसात आहेस.

लिहिलंस?… पूर्ण नाव लिही. आणि खाली लिही, हरकत आहे… हो, एवढंच. बाकीचं मी चारला तोंडाने सांगते. ठेव आता, मला माणसं गोळा करायचीत.