हातभर राख्या

(अंबड एमआयडीसीतली एक कंपनी. तक्रार समितीच्या खोलीबाहेरचा बाक. दुपारची जेवणाची सुट्टी.)

साधना : मग मॅडमनी माझाच अर्ज माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, पहिली ओळ वाच.

कुसाबाई : काय व्हतं पयल्या वळीत?

साधना : ‘लाईन सुपरवायझर रविराजदादा यांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कमरेला धरलं.’

कुसाबाई : मंग? खरंच हाय की.

साधना : दादा, मावशी. दादा लिहिलं मी. सगळी लाईन म्हणते, हातातून तेच उतरलं. शेजारचे साहेब हसले. ‘दादा म्हणता, आणि आरोप असला करता?’

कुसाबाई : कंडक्टरलाबी दादाच म्हणतो आपण.

साधना : तेच म्हटलं मी. तर त्यांनी फायलीतून एक फोटो काढून पुढे ठेवला, राखीपौर्णिमेचा. मी त्याला राखी बांधतेय आणि तुम्ही ताट धरून उभ्या. मला बांधायला कोणी लावली होती?

कुसाबाई : मी.

साधना : मला कामाला लागून पंधरा दिवस झाले होते. म्हटलं, ओळख ना पाळख, राखी कशाला? तुम्ही म्हणालात, बांध गुमान.

कुसाबाई : नवी पोर आली की तिला मी राखी बांधायला लावतेच. याचा हात सरळ नाय, हे उघड कसं सांगू? वाटायचं, धाग्याला तरी लाजंल.

साधना : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

कुसाबाई : आठ वर्सं झाली. सुलाबाईची सून व्हती लाईनीवर, तिच्या आधी एक देवळ्याची पोर. दोघी काम सोडून गेल्या. आमी साऱ्याजणींनी डोकं लावून काय काढलं, तर राखी. हातभर राख्या घेऊन हिंडतो तो.

साधना : मला नुसतं सांगितलं असतं तर स्टोअरमध्ये एकटी गेले नसते मी. राखी बांधली होती म्हणूनच गेले. आता साक्षीला तुम्हाला बोलावतील. काय सांगणार?

कुसाबाई : आपण ठेकेदाराची माणसं, पोरी. उद्या गेटवर कार्ड चाललं नाय तर कोणाला विचारायचं?

साधना : मग भाऊबहीणच होते म्हणा. सोपं आहे.

कुसाबाई : अशी बोलू नको.

साधना : रागानं नाही बोलत. दमलेय मी. आईला अजून घरी सांगितलं नाही. तुम्ही गप्प बसलात तर हे आजच संपलं, आणि खोटारडी मी ठरले.

कुसाबाई : माझी पोरगी तेजस्विनी यंदा बारावी झाली. सुट्टीत लाईनीवर घे म्हणून मीच बोलले व्हते त्याला. काल चहाला भेटला. म्हणला, ‘पाठवा की मावशी. पहिली राखी बांधून घेऊ.’ अन् हसला.

साधना : हसला?

कुसाबाई : आमी राखी का बांधतो, ते त्याला पयल्यापासून ठावं हाय. मलाच काल कळलं.

साधना : शिपाई तुमचं नाव घेतोय.

कुसाबाई : ऐकलं. पयलं माझं सांगते, मंग त्या दोघींचं, मंग तुझं.

साधना : तुमचं?

कुसाबाई : तू डबा खाऊन घे. मला येळ लागंल.