विरोधाची पाळी

झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या दोन मैत्रिणी होत्या.

"आजच्या चर्चासत्रात मला विरोध करू दे ना."

"वा गं! आज पाळी माझी आहे. तुझी पुढच्या गुरुवारी."

"पण आजचा विषय मला खरंच पटत नाहीये. म्हणे, म्हाताऱ्यांना सांभाळणं ही मुलांची जबाबदारीच नाही! माझी आजी माझ्या खोलीत असते. रोज सकाळी तिची वेणी मी घालते."

"हा मुद्दा छान आहे. माझे पाच झालेत, हा सहावा घेते."

"मुद्दा नाहीये तो, आजी आहे माझी!"

"हे बघ, विरोधाला दहा मार्क म्हटल्यावर पहिल्याच दिवशी अख्खा वर्ग विरोधात गेला, म्हणून तर पाळ्या लावल्या. तूही हात वर केला होतास."

"तेव्हा मला कशालाच विरोध नव्हता."

"मग गुरुवारी कर की मनसोक्त."

"गुरुवारचा विषय मला पटलाय."

"आजचा मलाही पटलाय. मी कुरकुर करतेय का? बरं, वेणी तिपेडी की चौपेडी? मॅडमनी विचारलं तर काय सांगू?"