काडतुसाचं मलम

आमच्या चांदचाचांचं मलम म्हणजे काय चीज होती, सांगू? लातूरच्या आमच्या घरात खाली चाचांचं परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान अन् वर भाड्यानं राहणारी क्लासची पोरं. वापरलेलं पितळी काडतूस परत भरायच्या आधी साच्यात दाबावं लागतं. ते आत अडकू नये म्हणून चाचा मेंढीच्या लोकरीची चरबी अन् एरंडेल शिजवून मलम करायचे. वासानं पोरं नाक धरून जिना चढायची.

एका सकाळी शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली अन् फरशी थरथरली. त्या पोरांतल्या किल्लारीच्या बालाजीला वाटलं, आला भूकंप! त्यानं थेट खिडकीच्या गजांतून डोकं बाहेर काढलं. गेलं, पण माघारी येईना. कान आडवे आले.

"काका, घर पडायलंय!" तो ओरडतोय.

"गज कापा!" मी म्हणलो.

"थांबा हो," मलमाची डबी उघडत चाचा म्हणाले. "हे थोडंच लावायचं असतंय. लई लावलं की काडतुसाला पोचे पडतात."

गजांतून हात घालून त्यांनी बोटानं कानांवर मलम फिरवलं, कान दाबले, मान जराशी वळवली. डोकं अल्लाद आत!

चाचांनी ते डोकं उजेडाकडं धरून काडतुसासारखं चौफेर चाचपलं.

"पोचा न्हाई. घ्या, क्लासला न्या अन् भरा आता परत."